नवखा

शनिवार, रात्र

कोईमतूरच्या करी रेस ट्रॅकवर आपलीच गाडी दिवसभर चालवायला जायचंय, शर्यत नाही, नुसतं चालवणं. त्याचा फॉर्म तसा दोन पानांचाच. नाव, गाडी, घरच्यांचा नंबर, रक्तगट, आणि मग ‘अनुभव’ या शब्दापुढे तीन चौकटी: नवखा, मध्यम, अनुभवी. खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिलंय, अनुभव ट्रॅकवरचा लिहावा, रस्त्यावरचा धरू नये.

धरू नये. दुपारपासून हेच घोळतंय. कन्नडच्या घाटात धुक्यात पुढच्या गाडीचा लाल दिवा धरून उतरलो, ते धरू नये. रावेरहून निघालेल्या केळीच्या ट्रकांच्या रांगेतून भुसावळ गाठलं, तेही धरू नये. एवढी वर्षं गाडी चालवली, आणि चौकट मात्र कालच्या पोरांची. तात्यांना सांगितलं तर ते... जाऊ दे.

खूण केली नाही. म्हटलं, आधी गाडीचं बघू.

गाडीच्या तयारीत निम्मं काम ब्रेकचं. रस्त्यावर ब्रेक तापतो आणि पुढच्या सिग्नलपर्यंत निवतो. ट्रॅकवर त्याला निवायला सवडच मिळत नाही, दर वळणाआधी पुन्हा दाबला जातो. ब्रेक ऑईल हवेतली ओल ओढून घेतं आणि ओल मुरली की लवकर उकळतं. ऑईलची प्रत ‘डॉट’च्या आकड्यावरून कळते. कोरं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत तग धरतं, पाणी मुरलेलं १४० पर्यंत. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. डॉट ५.१ चे २६० आणि १८०. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, नाव सारखं असलं तरी जात वेगळी, ते यात मिसळायचं नाही. ऑईल उकळलं की नळीत वाफ होते. वाफ दबते, ऑईल दबत नाही, म्हणून पेडल स्पंजासारखं होऊन थेट तळाला जातं. डिस्कला घासणारे पॅड जास्त तापले तर उलट होतं: पेडल कडक लागतं, पण गाडी थांबत नाही. पहिल्या प्रकारात पेडल भराभर पंप करायचं, खालचा गिअर टाकायचा आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या थांब्यात, यायचं. दुसऱ्यात एक-दोन फेऱ्या हळू मारून पॅड निवू द्यायचे. हा फरक पायाला कळला पाहिजे. तिथे विचार करत बसायला वेळ नसतो.

म्हणून सगळं जुनं ऑईल काढून सीलबंद डब्यातलं डॉट ४ भरायचं. उघडून ठेवलेला डबा वापरायचा नाही, भले वर्षभर झाकण घट्ट असो. लिटरभर पुरतं. नळीतली हवा काढताना सहसा मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पेडलमागच्या ऑईलच्या पंपापासून, लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, तो मॅन्युअलमध्ये बघावा. चाकाजवळचा हवा काढायचा निपल उघडा असताना पेडल सुटलं की हवा परत आत. आणि ऑईल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवायचं, नाहीतर रंगाची साल निघते. पॅड निम्म्याहून कमी उरले असतील तर नवेच. नवे बसवले की पहाटे मोकळ्या रस्त्यावर ८० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा दमदार ब्रेक, पण गाडी पूर्ण थांबवायची नाही. तापल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं तर त्याचा थर एका जागी चिकटतो आणि पुढे पेडल थरथरतं. ट्रॅकवरून आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, तो याचसाठी. गिअरमध्ये टाकायची आणि चाकाला वीट लावायची.

मिस्त्रीने हे सगळं केलं, हात पुसले आणि म्हणाला, ‘गाडी तयार शे भाऊ, तुमनं काय?’

हसून उडवून लावलं. पण बोललं ते बोललंच.

टायरची तारीख बघून घेतली. कडेवर कोरलेल्या DOT या अक्षरांच्या पुढचे शेवटचे चार आकडे, ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. नक्षी कितीही उरलेली असो, आपल्या उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर आधी म्हातारं होतं. हवेचं गणित लोक उलटं करतात. साधारण ६ अंशांना १ पीएसआय वाढतो. वैशाखात पहाटे २८ आणि दुपारी ४४ असेल, तर गाडी जागची न हलताच जवळपास ३ पीएसआय चढले. ट्रॅकवर त्यात आणखी ५-६ ची भर. म्हणून थंड टायरात दारावरच्या स्टिकरएवढी हवा भरायची, प्रत्येक फेरीगटानंतर, म्हणजे सलग काही फेऱ्या मारून आत आलं की, लगेच मोजायची आणि चारही चाकांत जेवढी वाढली तेवढी सोडायची. परत निघण्याआधी मात्र थंड टायरात पुन्हा भरायची. हे विसरलं की दुसऱ्या दिवशी हायवेवर सव्वीस-सत्तावीसवर चालतोय, हे कळतही नाही. आपल्याला तर कोईमतूरहून हजार किलोमीटरच्या वर परत यायचंय, ट्रेलर नाही, त्याच टायरांवर आणि त्याच पॅडवर. पॅडचा एक जास्तीचा जोड डिकीत असलेला बरा.

व्हील नट टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने. बहुतेक लहान गाड्यांना ८५ ते १२० न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. पान्यावर उभं राहून उडी मारायची नाही. पहिल्या फेरीगटानंतर चाक निवलं की पुन्हा तपासायचे. इंजिन ऑईल वरच्या खुणेपर्यंत, कारण लांब वळणात ऑईल एका कडेला जातं आणि पंपाचं तोंड कोरडं पडू शकतं. खुणेच्या वर मात्र नको. पेट्रोल किमान निम्मी टाकी, रस्त्याच्या दुप्पट-तिप्पट जळतं. गाडी ओढायचा टो हूक एकदा लावून बघायचा. काहींचे आटे उलटे असतात आणि हे कळण्याची जागा ट्रॅकची कड नव्हे.

डिकीतून स्टेपनी, जॅक, पाणी, चपला, शेवेचं पाकीट, सगळं बाहेर. ड्रायव्हरच्या पायाखालची चटईसुद्धा. सुटी बाटली घरंगळत ब्रेक पेडलखाली गेली की ऑईल डॉट कितीचंही असो, उपयोग नाही. डॅशबोर्डवरचा गणपतीही काढायचा. डबल टेप ड्रायरने ऊन करून मागून दोरा फिरवला की निघतो. ही म्हणाली, तो कशाला काढता, त्याच्यासाठीच तर... तिला काय सांगणार.

विम्याच्या कागदावर स्पष्ट आहे: स्पर्धा, वेगचाचणी यांसाठी वापर झाल्यास भरपाई नाही. आपण शर्यत लावत नाही, पण कंपनी ते ऐकेल या भरवशावर जायचं नाही. तिथे जे मोडेल ते आपलं.

रविवार, सकाळी दहा

पहाटे एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर गेलो. काम एकच: ६० च्या वेगाला ब्रेक पूर्ण दाबायचा, एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लागेपर्यंत, आणि गाडी थांबेपर्यंत दाबूनच ठेवायचा.

एबीएस लागलं की पायाखाली खडखड होते, काहीतरी तुटल्यासारखी. ती बरोबर असते, दाबत राहायचं. माणूस पाय उचलतो. मीही उचलला, तीनदा. चौथ्यांदा धरला.

रस्त्यावर ब्रेक असा कधी दाबलाच नव्हता. हॉर्न दाबला, डीपर मारला, खड्डा चुकवून मातीत उतरवली, पण पेडल शेवटपर्यंत, मुद्दाम, सरळ रेषेत? नाही. वळणात घाबरून अॅक्सिलरेटर सोडायची सवय तर हाडात आहे. ट्रॅकवर तीच घात करते. वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीची शेपटी फिरते. ब्रेक वळणाआधीच्या सरळीतच, म्हणजे सरळ रस्त्यावरच, संपवायचा, वळणात पाय स्थिर, गाडीचं नाक बाहेर जायला लागलं तर स्टिअरिंग आणखी न वळवता अॅक्सिलरेटर अलगद कमी. नजर पुढच्या गाडीच्या बंपरवर नाही, वळणाच्या पलीकडे. बसण्याची जागाही चुकीचीच होती: पाठ सीटला टेकून हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर आलं पाहिजे. माझी बोटंच पोचत होती.

आता हसू येतंय, कारण एक गोष्ट मात्र आपल्याला येते. नवख्यांच्या गटात मागून कोणी वेगवान आलं की मार्शल, म्हणजे ट्रॅकच्या कडेचा झेंडेवाला, निळा झेंडा दाखवतो. मग सरळीत खिडकीतून हात काढून कुठल्या बाजूने जा ते दाखवायचं आणि थोडा वेग सोडायचा. हात दाखवल्याशिवाय त्याने ओलांडायचं नाही. म्हणजे साईड द्यायची. धुळ्याच्या रस्त्याला अर्धं आयुष्य ट्रकवाल्यांनी आपल्याला उजवा इंडिकेटर देऊन साईड दिली, आता आपण देऊ. फक्त हॉर्न वाजवायचा नाही. बाकीचे झेंडे पाठ आहेत. पिवळा: धोका, ओलांडू नका. लाल: सेशन थांबलं, सावकाश पिटमध्ये. काळा: तुमच्यासाठीच, आत या. पिवळ्यावर लाल पट्टे: रस्ता निसरडा. करी ट्रॅक साधारण २.१ किलोमीटरचा, दिवसभरात प्रत्येकाला साईड देऊन होईल.

चौकटीत खूण केली. पहिल्या चौकटीत.

रक्तगट राहिला होता. तो लायसन्सवर असतो म्हणून काढून पाहिलं. ओ पॉझिटिव्ह. त्याच कार्डावर जारी केल्याची तारीखही आहे, २००४ ची. ती फॉर्मवर कुठेच विचारलेली नाही.