पासवर्ड बदलायला बसले आणि महिना गेला

मेल आला. विषयाच्या ओळीत माझाच पासवर्ड होता. वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेला, शेवटी जन्मसाल जोडलेला. आत धमकी: तुमच्या कॅमेऱ्यातून चित्रीकरण केलंय, बिटकॉइन पाठवा. माझ्या कंप्युटरला कॅमेराच नाही, त्यामुळे ती थाप लगेच कळली. पासवर्ड मात्र थाप नव्हती.

'हॅव आय बीन पोन्ड' म्हणून एक सोय आहे. ट्रॉय हंट यांनी ती 2013 मध्ये सुरू केली. आपला ई-मेल पत्ता कुठल्या फुटलेल्या डेटात सापडलाय ते तिथे दिसतं. माझा तीन ठिकाणी होता. त्यातल्या एका संकेतस्थळावर मी कधी खातं काढलं होतं हेच आठवेना. पासवर्डही तिथे तपासता येतो. आधी धाकधूक वाटली, पण पासवर्ड जसाच्या तसा जात नाही. त्याच्या हॅशची, म्हणजे पासवर्डवरून गणिताने काढलेल्या सांकेतिक ओळीची, पहिली 5 अक्षरं तेवढी जातात, बाकी जुळवाजुळव आपल्याच ब्राउझरमध्ये होते. माझा अर्थातच सापडला.

ब्राउझरने जपून ठेवलेली खाती मोजली: 83. बऱ्याच ठिकाणी तोच पासवर्ड, कुठे 1, कुठे 2 जोडलेला. ऑफिसात दर तीन महिन्यांनी बदलायला लावायचे, त्याची ही सवय. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने 2017 मध्येच सांगितलंय की काही कारण नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका. लोक शेवटचा आकडा वाढवतात, दुसरं काय.

सुरुवात मेलपासून केली. 'पासवर्ड विसरलात?' दाबलं की सगळ्यांचे दुवे तिथेच येतात. म्हणजे मेल गेला की बाकीचं सगळं गेलं. सेटिंग्ज उघडल्या आणि पोटात गोळा आला. रिकव्हरीसाठी दिलेला नंबर मी चार वर्षांपूर्वी सोडलेला होता. सोडलेले नंबर कंपन्या पुन्हा दुसऱ्यांना देतात. माझ्या खात्याची किल्ली चार वर्षं कोणाच्या खिशात होती, कोण जाणे. लॉगिन असलेल्या उपकरणांत तर कधीच देऊन टाकलेला फोनही होता. दोन्ही काढले. मेल परस्पर दुसरीकडे फॉरवर्ड तर होत नाही ना, तेही पाहिलं.

पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड बनवून जपून ठेवणारं ॲप, घेतला तर एक मुख्य पासवर्ड लक्षात ठेवावा लागतो. तो मी फाशांनी काढला. डाइसवेअर म्हणजे फाशाच्या आकड्यांवरून शब्द निवडायची पद्धत. तिच्या यादीत 7776 शब्द असतात, कारण फासा पाच वेळा टाकला की तेवढ्याच जोड्या होतात. सापशिडीच्या डब्यातला फासा घेतला, टेबलावर टाकत गेले आणि कागदावर आकडे लिहिले. पाच आकडे, एक शब्द. असे सहा शब्द. तिसरा शब्द आवडला नाही म्हणून पुन्हा टाकायला हात गेला होता, पण आवरला. आवडीनिवड आली की ते शब्द फाशाचे राहत नाहीत, माझे होतात. कागद चार दिवस जवळ ठेवला. नंतर बोटांनाच ते शब्द पाठ झाले.

मॅनेजरचा एक फायदा मला आधी माहीत नव्हता. पार्सल अडकल्याचा मेसेज आला, दुवा उघडला, पान अगदी ओळखीचं. पण मॅनेजर पासवर्ड भरेना. वैतागून वर पत्ता बघितला तर नावात एक अक्षर जास्त. माझ्या डोळ्यांना ते दिसलं नसतं.

सुरक्षा प्रश्नांना आता खोटी उत्तरं देते. आईचं माहेरचं आडनाव निम्म्या नातेवाइकांना ठाऊक असतं. त्या रकान्यात मॅनेजरने बनवलेली निरर्थक अक्षरं टाकते आणि तिथेच जपून ठेवते.

मग दुसरी पायरी, पासवर्डनंतर मागितला जाणारा कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप. दर 30 सेकंदांनी सहा आकडे बदलतात, नेटवर्क नसलं तरी चालतं, कारण त्याला गुप्त किल्ली आणि घड्याळ एवढंच लागतं. एसएमएसचा ओटीपी त्यापेक्षा कच्चा. तुमच्या नावाने कोणी दुसरं सिम काढलं की ओटीपी त्याच्याकडे. बँकेत मात्र एसएमएसच होता, तोच चालू ठेवला. काहीच नसण्यापेक्षा बरा.

आणि इथे मी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. फोन बदलला, जुना पुसून टाकला, नव्यात ॲप उघडलं तर रिकामं. किल्ल्या जुन्या फोनबरोबर गेल्या. रिकव्हरी कोड, म्हणजे ॲप हाताशी नसताना आत जायचे राखीव कोड, होते की! कुठे? मेलमध्ये. आणि मेल उघडायला कोड हवा. किल्ली कपाटात ठेवून कपाट बंद केलं होतं. लॅपटॉपवर मेल उघडाच राहिला होता म्हणून वाचले, नाहीतर ओळख पटवत किती दिवस गेले असते सांगवत नाही.

आता ते कोड कागदावर आहेत. एक प्रत घरात, एक ताईकडे पाकिटात. ताईने विचारलं, "उघडायचं नाही तर देतेस कशाला?" मी म्हटलं, "फोन आणि लॅपटॉप एकदमच गेले तर फोन करीन, तेव्हा वाचून दाखव." "फोन कुठून करशील?" म्हणाली. तिचा नंबर मला पाठ नव्हता. त्या रात्री पाठ केला.

19 खाती बंद केली, वीसेक अजून राहिली आहेत, समोर येतील तशी बदलतेय. एक मात्र 12 अक्षरांपेक्षा मोठा पासवर्ड घेत नाही, आणि खातं बंद करायचं बटण मला अजून सापडलेलं नाही.