बेंज, वेठबिगार आणि माळ्यावरचा स्टार

मी स्टुटगार्टजवळ राहते आणि दुभाष्याचं काम करते. ऐकायला भारी वाटतं पण बहुतेक वेळा कुठल्यातरी कारखान्यात कानात बोळे घालून "टॉलरन्स किती, डिलिव्हरी कधी, पेमेंट किती दिवसांनी" एवढंच दिवसभर ओरडायचं असतं. त्यामुळे मागच्या सप्टेंबरात भोसरीच्या एका पार्टीचा फोन आला की मशीन टूल्सच्या प्रदर्शनाला येतोय, रविवार मोकळा आहे, मर्सिडीजचं म्युझियम दाखवायचंय, तेव्हा म्हटलं चला, एक दिवस तरी एसीत आणि शांततेत. रविवारचा रेट जास्त लावला, त्यांनी घासाघीस केली, मी थोडा कमी केला, ठरलं.

आले तिघं. शेठ स्वतः, पन्नाशीचे, जॉबवर्कचं मोठं शॉप असलेले. त्यांचा मुलगा, हातात सेल्फी स्टिक. आणि शेठचे वडील, आबा. आबांचं वय पंचाहत्तर, धोतर नाही पण पांढरी टोपी होती, वर मुलाचं ढगळ जॅकेट. शेठनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, आबांना फार चालवू नका, आणि ते काहीबाही विचारतात, सगळंच ट्रान्सलेट करायची गरज नाही." हे वाक्य मी दर महिन्याला कुणाच्या तरी तोंडून ऐकते. मान हलवायची आणि सगळंच ट्रान्सलेट करायचं, हा माझा नियम.

ज्या कंपनीकडून ते मशीन घेणार होते तिने सोबतीला एक रिटायर्ड जर्मन आजोबा दिले होते. हा माणूस आयुष्यभर उंटरट्युर्कहाइमच्या इंजिन प्लांटमध्ये, म्हणजे म्युझियमच्या शेजारीच, कामाला होता. बोलणं अस्सल श्वेबिश, इकडची बोली, म्हणजे आपल्याकडे पुण्याची मराठी शिकून एकदम मालवणात जाऊन पडावं तसं. पहिली दहा मिनिटं मलाच अर्ध कळेना.

म्युझियम २००६ चं आहे, आणि तिथे खालून वर नाही जायचं. लिफ्टने थेट टोकाला जायचं आणि मग उतारावरून गोल गोल खाली यायचं, वर १८८६ आणि खाली आजचा काळ. लिफ्टचं दार उघडलं की समोर गाडी नाही, पांढरा घोडा. त्याच्याजवळ जर्मन सम्राट कैसरच्या नावावर खपवलं जाणारं वाक्य, की माझा घोड्यावर विश्वास आहे, मोटार काय चार दिवसांची. आबा हसले, म्हणाले, "आमच्या गावातबी पाटील असंच म्हनायचे, पयला ट्रॅक्टर आला तवा."

मग कार्ल बेंझची तीन चाकी. २९ जानेवारी १८८६ ला पेटंट घेतलेलं, एक सिलेंडर, पाऊण हॉर्सपॉवर. पोराने फोटो काढले आणि पुढे सरकला, आबा मात्र गुडघ्यावर हात टेकून वाकून मागचं आडवं फ्लायव्हील बघत बसले. जर्मन आजोबांनी बेर्था बेंझची गोष्ट सुरू केली, ती मी इतक्यांदा ट्रान्सलेट केलीय की झोपेतही सांगेन. ऑगस्ट १८८८, नवऱ्याला न सांगता दोन पोरांना घेऊन बाई मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली, शंभरेक किलोमीटर, रस्ते बैलगाडीचे. वाटेत इंधन संपलं तेव्हा वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन घेतलं, जे तेव्हा कपड्यांवरचे डाग काढायला वापरायचे. नळी तुंबली ती टोपीच्या पिनने साफ केली. उतारावर ब्रेक झिजले तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं.

नेहमी इथे लोक "वॉव" म्हणतात. आबा म्हणाले, "म्हंजी ट्रायल तिनंच घेतली की. आन् लायनरबी तिनंच बसवला. मग पाटीवर नाव नवऱ्याचं का?"

मी जसंच्या तसं सांगितलं. जर्मन आजोबा थांबले, आबांकडे पहिल्यांदाच नीट बघितलं, आणि म्हणाले की तिने लग्नाआधी स्वतःचे हुंड्याचे पैसेही याच धंद्यात घातले होते. हुंडा या शब्दावर शेठ जरा चुळबुळले, का ते देव जाणे.

खरी गंमत नावावर झाली. शेठना वाटत होतं मर्सिडीज ही बेंझची मुलगी, आणि बेंझ-डायमलर पहिल्यापासून पार्टनर. तसं काहीच नाही. गॉटलीब डायमलर इथे कानश्टाटला, म्युझियमपासून जवळच, विल्हेल्म मायबाखला घेऊन बागेतल्या काचघरात दार लावून इंजिन बनवायचा, तर माळ्याला संशय आला की हे खोटी नाणी पाडतायत आणि त्याने पोलीस बोलावले. बेंझ तिकडे मानहाइमला. दोघं एकत्र कधीच काम केलं नाही. आणि मर्सिडीज ही तिसऱ्याच माणसाची पोर, एमिल येलिनेक नावाच्या, नीसमध्ये श्रीमंतांना गाड्या विकणाऱ्या व्यापाऱ्याची. त्याने इतक्या गाड्या उचलल्या की नाव माझ्या पोरीचं द्या म्हणून अडून बसला, पोरगी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. १९०० मध्ये डायमलर वारला, त्यामुळे ते नाव लागलेली गाडी त्याने पाहिलीच नाही. दोन्ही कंपन्या एक झाल्या १९२६ ला, पहिल्या महायुद्धानंतर दोघांचेही हाल झाले होते म्हणून. शेठ म्हणाले, "म्हणजे डीलरने ब्रँड बनवला." धंदेवाल्या माणसाला बरोबर तेच दिसलं, आणि खरं सांगायचं तर चूकही नाहीये.

खाली डिझेलपाशी आलो तेव्हा आबांचा वेग वाढला. प्रॉस्पर लोरांज नावाच्या इंजिनिअरने बेंझकडे असताना प्रीचेंबर काढला, १९३६ ला डिझेलवर चालणारी २६०-डी कार विकायला आली, वगैरे आजोबा सांगत होते आणि मला प्रीचेंबरला मराठी काय म्हणावं सुचेना. "मुख्य खोलीच्या आधीची छोटी खोली, तिथे आधी पेट घेतं" असं काहीतरी मी जुळवत होते तर आबा म्हणाले, "ताई, आसू द्या. सकाळी हीटरची दांडी वढायची, डॅशबोर्डवरचा ताराचा वेटोळा लाल झाला की सेल्फ मारायचा. थंडीत दोनदा. ह्येच ना?"

मी ट्रान्सलेट केलं. जर्मन आजोबांचा चेहरा बघायला हवा होता. त्यांनी विचारलं, तुम्ही कुठे बघितलं हे?

मग कळलं. आबा चौदाव्या वर्षी कराडला एका ट्रकच्या गॅरेजला पोऱ्या म्हणून लागले, १९६४ च्या आसपास. टेल्कोने, म्हणजे टाटांच्या ट्रक कंपनीने, १९५४ ला डायमलर-बेंझशी करार केला होता पंधरा वर्षांचा, जमशेदपूरला ट्रक बनायचे, समोर टाटाचं नाव आणि जाळीवर मर्सिडीजचा तीन पात्यांचा स्टार. आमच्या पिढीला मर्सिडीज म्हटलं की बिल्डर आठवतो, आबांच्या पिढीला उसाचा ट्रक. सगळे नुसतं बेंज म्हणायचे. आबांनी लायनर किती, नोझलचं प्रेशर किती, टॅपेटला कितीचं फिलर घालायचं हे सगळं घडाघडा सांगितलं, आणि मायकोचा पंप म्हटल्यावर मी मधे पडून सांगितलं की आबा मायको म्हणजे इथलीच बॉश, स्टुटगार्टची. "आरं तिच्या! म्हंजी सगळा खेळ एकाच गावाचा व्हय?"

यानंतर दोघं पुढे, मी मधे, आणि शेठ व नातू मागे अशी वरात निघाली.

आता जे सांगायचंय ते. एक लेव्हल खाली जाताना नातवाने विचारलं, "हिटलरची गाडी कुठली होती? रील करायचंय." असं विचारणारे खूप असतात, गाईड लोक वैतागतात. जर्मन आजोबांनी शांतपणे सांगितलं, ७७० नावाची मोठी लांबलचक मर्सिडीज, तो तिच्यात उभा राहून मिरवायचा. मग उतारावरच्या भिंतीजवळ थांबले, तिथे त्या त्या काळाचे फोटो लावलेत, आणि म्हणाले, गाडीबद्दल विचारलंत, आता गाडी बनवणाऱ्यांबद्दल सांगतो. १९४४ साली डायमलर-बेंझच्या पटावर ६३,६१० माणसं होती, आणि त्यातली जवळजवळ निम्मी "त्स्वांग्सआर्बायटर" होती. पोलंड, रशिया, फ्रान्समधून धरून आणलेली माणसं, युद्धकैदी, छळछावणीतले कैदी. विमानांची इंजिनं, ट्रक, सगळं त्यांच्याकडून.

शब्दकोशात या शब्दाला सक्तीचे मजूर असं आहे. मी तसं म्हणणार होते. शेठ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ताई हे शॉर्टमध्ये घ्या, आबांना कशाला." आणि मला का कोण जाणे चीड आली, सक्तीचे मजूर हा शब्द एकदम सरकारी जीआरमधला वाटला, आणि तोंडातून निघून गेलं, "वेठबिगार. निम्मे लोक वेठबिगार होते, आबा."

आबा थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "खायला काय देत हुते?" जर्मन आजोबा म्हणाले की पातळ सूप, थोडा ब्रेड, आणि कुंपणाच्या आत लाकडी बराकी. "आन् ह्यांना ठावं हुतं?" ह्यांना म्हणजे इथल्या गावाला. हा प्रश्न सांगताना माझाच आवाज बसला. आजोबा म्हणाले की बराकी काही जमिनीखाली नव्हत्या. ते स्वतः १९७० ला सोळाव्या वर्षी अप्रेंटिस म्हणून लागले, त्यांना शिकवणारे मास्तर युद्धाच्या काळातही तिथेच होते, आणि त्यांनी एका शब्दाने कधी काढलं नाही. पोरांनीही विचारलं नाही. १९८६ ला मोटारीची शंभरी साजरी झाली त्या सुमारास लोकांनी विषय लावून धरला, १९८८ ला कंपनीने दोन कोटी मार्क दिले, नंतर २००० ला जर्मन सरकार आणि उद्योगांनी मिळून भरपाईसाठी फाउंडेशन काढलं. "तोवर बरेच मेले होते," हे शेवटचं वाक्य ते माझ्याकडे न बघता बोलले.

आबांनी निम्मे म्हणजे किती ते विचारलं. म्हटलं एकतीस-बत्तीस हजार. "आमच्यासारखी धा गावं," एवढंच म्हणाले. नातवाने स्टिक खाली घेतली होती, रील काही झालं नाही.

पुढचं भराभर झालं, किंवा मला तसं वाटलं. ३००-एसएलचे पंखासारखे उघडणारे दरवाजे, पोपची गाडी, डायनाची लाल गाडी, शेठची सगळ्यांसोबत सेल्फी. १९५५ चा ल मां शर्यतीतला अपघात, ऐंशीवर माणसं गेली आणि कंपनीने रेसिंगच सोडलं. जर्मन आजोबांनी एका ग्रीक टॅक्सीवाल्याचं सांगितलं ज्याने २४०-डी तब्बल ४६ लाख किलोमीटर चालवून २००४ ला कंपनीच्या संग्रहाला दिली. यावर आबा म्हणाले इंजिन बदललं असणार, एका इंजिनात शक्य नाय. आजोबा म्हणाले बदललंच होतं, बरेच वेळा. दोघं खूश.

कंपनीच्या नावाचं काय, म्हणजे इतकं नाव कशावर, हे शेठनी विचारलं. मला वाटलं आता ब्रोशर सुरू होणार. आजोबा म्हणाले की धडकेत चेपला जाणारा पुढचा भाग आम्ही १९५९ ला पहिल्यांदा गाडीत आणला, एबीएस १९७८ ला बॉशबरोबर, ते सगळं खरं, पण मला १९९७ आठवतं. नवी छोटी ए-क्लास, स्वीडनच्या एका मासिकाने "एल्खटेस्ट" घेतली आणि गाडी उलटली. एल्ख म्हणजे भलंमोठं सांबरासारखं जनावर, ते आडवं आलं तर स्टिअरिंग झटक्यात फिरवायचं ती टेस्ट. हे समजावत होते तर आबा म्हणाले, "म्हस आडवी आल्यावानी." तर हो, म्हैस टेस्ट. आधी कंपनीने हात झटकले, मग डिलिव्हरी थांबवून प्रत्येक ए-क्लासमध्ये ईएसपी, म्हणजे गाडीचा तोल सांभाळणारी यंत्रणा, बसवलं, फुकट. "कँटीनमध्ये त्या आठवड्यात कुणी जोरात बोलत नव्हतं. आणि डिझेलच्या धुराच्या प्रकरणात २०१९ ला ८७ कोटी युरोचा दंड झाला तेव्हा मी रिटायर होतो, पण शेजाऱ्यांसमोर मान खालीच." मी हे सगळं सांगितलं. शेठ म्हणाले, "हा माणूस कंपनीचं मार्केटिंग करतोय का उलट?"

दुकानात शेठनी टोप्या, कीचेन घेतल्या. आबांनी स्टारच्या कीचेनची किंमत विचारली, मी युरोला शंभरच्या आसपास धरून सांगितली, त्यांनी ती जपून जागेवर ठेवली. "आपल्याकडं हाय की. जुना, खरा." १९६९ ला करार संपला आणि नव्या ट्रकवर स्टारच्या जागी टी आला, तेव्हा ड्रायव्हर लोकांना ते पसंत पडेना, भंगारातल्या गाड्यांचे स्टार काढून नव्यांवर ठोकून घ्यायचे, आबांनी स्वतः कितीतरी लावून दिलेत. एक राहिला होता तो घरी.

हे ऐकून जर्मन आजोबा हटूनच बसले, बघायचाय. तिकडे संध्याकाळचे साडेसात. नातवाने व्हिडिओ कॉल लावला. आजी चुलीपुढे. आधी तिला कळेचना की जर्मनीला जाऊन यांना माळ्यावरचं भंगार कशाला हवंय. मग कुणा पोराला शिडीवर चढवलं, खाली धूळ, वर टॉर्च, बराच वेळ स्क्रीनवर नुसतं छत दिसत होतं. शेवटी आला. एक पातं मोडलेलं, बाकी काळपट, आजीने पदराने पुसून कॅमेऱ्यापुढे धरला, उलटा. जर्मन आजोबांनी चष्मा कपाळावर घेतला आणि फोन नाकाला लागेस्तोवर जवळ आणला. काही बोलेनात.

"बघून झालं का त्येंचं?" आजी म्हणाली. "भाकरी करपाया लागलीया."

आजोबांनी माझ्याकडे बघितलं, काय म्हणतायत? भाकरीला जर्मनमध्ये काय म्हणावं याचा विचार करत मी उभी, आणि तोवर तिने फोन ठेवला.