कुणालाच नको असलेलं घड्याळ

रोलेक्सचं डेटोना आज नुसतं दुकानात जाऊन मागितलं तर लगेच मिळत नाही म्हणे, यादीत नाव टाकून बसावं लागतं (मी कुठला मागायला जातोय). पण १९६३ ला आलं तेव्हापासून कितीतरी वर्षं हे घड्याळ शोकेसमध्ये पडूनच असायचं. एकतर चावीचं, त्यात १९६९ ला ऑटोमॅटिक, म्हणजे हातात घालून फिरलं की आपोआप चावी बसणारे, क्रोनोग्राफ आले (क्रोनोग्राफ म्हणजे स्टॉपवॉचवालं घड्याळ, डेटोनापण त्यातलंच), आणि त्याच वर्षी ऐन नाताळात सीकोने बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ अ‍ॅस्ट्रॉन काढलं, मग याला कोण विचारणार! त्यातही एक वेगळी डायल होती, आतल्या छोट्या गोलांत गमतीशीर आकडे, रेघांच्या टोकाला चौकोनी ठिपके, कडेने वेगळ्या रंगाची पट्टी, ती तर लोकांना फारच भडक वाटायची. खरं सांगू, मलापण फोटोत पहिल्यांदा ते जत्रेतलं घड्याळ वाटलं होतं.

त्याच डायलला आता 'पॉल न्यूमन' म्हणतात. हा हॉलिवूडचा नट, रेसिंगचा नाद असलेला, त्याला बायकोने म्हणजे जोअ‍ॅन वुडवर्डने असलं घड्याळ दिलं आणि मागे 'गाडी सांभाळून चालव' अशा अर्थाचं कोरून घेतलं. त्याने ते १९८४ ला मुलीच्या बॉयफ्रेंडला सहज देऊन टाकलं. २०१७ ला न्यूयॉर्कच्या लिलावात तेच १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं, नवं असताना किंमत काय तर दोन-अडीचशे डॉलर!

आता सगळे म्हणतात ही न्यूमनची पुण्याई. असेल, पण मला ते अर्धंच पटतं. ही डायल तेव्हा दणकून खपली असती तर कंपनीने ढिगाने बनवली असती आणि आज गल्लोगल्ली दिसली असती, लोकांनी नाकं मुरडली म्हणूनच ती दुर्मिळ झाली ना. शिवाय १९८८ ला ऑटोमॅटिक डेटोना आलं, त्याच्यासाठी रांगा लागल्या, आणि मग लोकांना जुन्या चावीवाल्याची आठवण झाली.

आणि हे कलेक्टर लोक तर अजबच. काही जुन्या काळ्या डायल रंग टिकला नाही म्हणून उन्हाने तपकिरी झाल्या, म्हणजे सरळसरळ खराब माल, तर त्याला 'ट्रॉपिकल' म्हणून वर जास्त पैसे मोजतात. उलट कुणी हौसेने घड्याळाची केस, म्हणजे बाहेरची धातूची डबी, पॉलिश करून चकचकीत केली की भाव पडला. आपण दिवाळीला पितळेची भांडी चिंच लावून घासतो ते यांनी बघितलं तर चक्करच येईल.

बाकी जुन्या डेटोनात मशीन होतं वालजू नावाच्या स्विस मशीनवाल्यांचं, नंबर ७२, तेच मशीन ह्यूअर या दुसऱ्या घड्याळ कंपनीच्या कॅरेरातपण होतं आणि कॅरेरासुद्धा १९६३ चीच. तिलाही कलेक्टर आहेत, पण न्यूमनवाल्या भावाच्या ती आसपासही नाही. दिसायला मात्र, मला विचाराल तर, तीच जास्त देखणी आहे राव.