तुम्ही विचारलंत म्हणून: कॉम्पॅक्टरने खरंच अर्धी जागा वाचते का?

"तुम्ही ती रुळांवर सरकणारी कपाटं बनवता ना? खरंच अर्धी जागा वाचते का हो?"

नागपूरजवळ हिंगण्याच्या एमआयडीसीत माझं रॅक डिझाइनचं काम आहे हे कळलं, की समोरचा वकील असो, सीए असो की शाळेचा हेडमास्तर, हा प्रश्न येतोच. या सरकत्या कपाटांनाच कॉम्पॅक्टर म्हणतात, आणि माझं उत्तर ठरलेलं आहे: वाचते. पण त्याच दमात मी विचारतो, तुमची रेकॉर्ड रूम कितव्या मजल्यावर आहे? मग समोरच्याला वाटतं, हा विषय बदलतोय. विषय तोच असतो.

आधी जागेचा हिशेब मांडू. २० फूट लांबीची खोली धरा, म्हणजे २४० इंच. फाइलींचा रॅक १५ इंच खोल. दोन रॅक पाठीला पाठ लावून ठेवले की ३० इंच. वाकून खालच्या फळीवरचा गठ्ठा ओढायचा तर ३ फुटांची वाट हवी. नेहमीच्या पद्धतीने दोन्ही भिंतींना एकेक ओळ, मधे दोन दुहेरी ओळी आणि तीन वाटा, अशी १९८ इंचांची मांडणी होते. उरलेल्या ४२ इंचांत आणखी एक दुहेरी ओळ आणि तिची वाट बसत नाही. म्हणजे एकूण ६ ओळी. आता त्याच खोलीत भिंतींचे दोन रॅक तसेच ठेवा आणि मधे ५ दुहेरी डबे, म्हणजे पाठीला पाठ लावलेल्या रॅकच्या चाकांवरच्या जोड्या, रुळांवर घाला. १२ ओळींचे १८० इंच, एका वाटेचे ३६, डबे एकमेकांवर आपटू नयेत म्हणून लावलेल्या रबरांचे साधारण १०. झाले २२६. खोली तीच, फाइली दुप्पट.

यात जादू काही नाही. पंगतीत दर दोन ओळींमागे वाढप्याला वाट सोडावी लागते आणि त्या वाटा बहुतेक वेळ रिकाम्याच असतात. इथे वाट एकच ठेवायची आणि जिथे वाढायचं तिथे ती नेऊन उघडायची, एवढंच. कल्पना जुनी आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये १८८०च्या दशकातच वरून टांगलेली सरकती कपाटं आली होती. ग्लॅडस्टनसाहेबांनी १८९० साली लिहून ठेवलंय, की नीट आखलेल्या खोलीच्या घनफळाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग पुस्तकांनी भरता येतो. तोवर ते तीनदा ब्रिटनचे पंतप्रधान होऊन गेले होते, चौथ्यांदा व्हायचे होते. मधल्या काळात माणूस फळ्यांची मापं काढत बसला होता, म्हणून मला तो आवडतो.

आता मजल्याचा प्रश्न. कागद किती जड असतो याचा लोकांना अंदाजच नसतो. झेरॉक्सच्या कागदाचं एक रिम, ए-फोर, ७५ जीएसएम, साधारण २.३ किलो भरतं आणि जाडीला ५ सेंटिमीटर होतं. ३ फुटांच्या फळीवर अशी १८ रिमं उभी राहतात. म्हणजे नुसता कागद ठासला तर ४० किलोंच्या वर. फाइलींमध्ये हवा असते, म्हणून मी फळीला ३५ किलो धरतो. एका डब्याला ३ फुटांचे तीन खण, दोन्ही बाजू, प्रत्येकी सहा फळ्या: ३६ फळ्या, १,२६० किलो. त्यात पत्र्याचं आणि चेसिसचं, म्हणजे खालच्या सांगाड्याचं, साडेतीनशे किलो वजन घाला. हा १,६०० किलोंचा डबा ९ फूट बाय अडीच फूट जागेवर उभा असतो. चौरस मीटरला पावणेआठशे किलो झाले. आणि शेजारी त्याला चिकटून दुसरा, तिसरा, चौथा.

आपल्याकडे इमारतीवर किती भार धरायचा ते आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात दिलेलं आहे. घराच्या खोल्यांना चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो. ग्रंथालयाच्या स्टॅक रूमला, म्हणजे पुस्तकांच्या रॅकच्या खोलीला, २.२ मीटर उंचीपर्यंत, ६ किलोन्यूटन. आणि चाकांवरच्या दाट साठवणीला कमीत कमी १०, म्हणजे एक टन. आता धरमपेठेतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये दुसऱ्या मजल्यावर ऑफिस थाटलेल्या वकीलसाहेबांनी "बेडरूमची रेकॉर्ड रूम करून टाकू" म्हटलं, की मी चहा पितो, गप्पा मारतो आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र मागतो. तुम्ही वाचवलेली जागा म्हणजे त्या फरशीच्या अंगावर टाकलेलं वजन आहे. वाटा रिकाम्या होत्या म्हणून स्लॅब सुखात होता.

"मग तळमजल्यावर लावू, तिथे काय अडचण?" तिथे स्लॅबची भीती नाही. पण नागपूरची काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. कॉलम खोलवर टेकलेले असतात, ते हलत नाहीत. तळमजल्याची फरशी मात्र नुसत्या भरावावर पसरलेली असते. भराव नीट मुरमाचा आणि ठोकून बसवलेला नसेल, तर फरशी मातीबरोबर वर-खाली होते. डोळ्यांना कळतही नाही, रुळांना कळतं. मीटरला ३ मिलिमीटर उतार आला, तरी दोन टनांच्या डब्याला ६ किलोंची ओढ लागते. चांगल्या बेअरिंगच्या चाकाला हलायला त्याहून फारसं जास्त लागत नाही. म्हणजे बेअरिंग जितकं उत्तम, तितका फरशीचा दोष लवकर उघडा पडतो. महालात एका जुन्या पेढीत पावसाळ्यानंतर मला बोलावलं होतं. मुनीमजी म्हणाले, "भाऊ, पहिले तर हे बोटानं सरकत होतं. आता इकडून तिकडं नेतो, अन् चावी आणाले गेलो का हे आपलं आपलंच वापस येऊन राहिलं." बाकी मंडळी हसत होती, एकाने तर भूतबाधेची शंका काढली. रुळावर लेव्हल ठेवली, बुडबुडा एका बाजूला सरकला, भूत सापडलं.

म्हणून माझ्या डिझाइनचा निम्मा वेळ पत्र्यावर जातच नाही, रुळांवर जातो. पाण्याची नळी घेऊन सगळ्या खोलीची लेव्हल काढायची, सगळ्यांत उंच ठिकाण शोधायचं, तिथून रूळ सुरू करायचे आणि बाकीकडे खाली पातळ पट्ट्या देऊन ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ माल, भरायचं. रूळ तीन असले तर तीनही रुळांवर काठाची चाकं लावायची नाहीत. एका रुळावरच्या चाकांना काठ, ती डब्याला वाट दाखवतील. बाकीची चाकं सपाट, ती फक्त भार वाहतील. सगळ्यांना काठ दिला आणि दोन रुळांमधलं अंतर केसभर चुकलं, की डबा अडकतो आणि मग लोक खांदा लावून ढकलतात. खांदा लागला की समजा गाडी बिघडलीच.

जड डबा हाताने ढकलायचा नसतो, त्यासाठी तीन दांड्यांचं हँडल असतं. हँडलमागे लहान स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाक, खाली चाकांच्या शाफ्टवर मोठं, मधे चेन. हँडल जास्त फिरतं, डबा थोडा सरकतो, पण जोर कितीतरी वाढतो. किरकोळ बांध्याची बाईसुद्धा टनभराचा डबा एका हाताने नेते. शाफ्ट डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड हवा, म्हणजे दोन्ही टोकांची चाकं बरोबरीने फिरतात. स्वस्तातल्या कामात हा शाफ्ट अर्धाच घालतात. मग हँडलकडची बाजू पुढे जाते, दुसरी मागे रेंगाळते आणि डबा तिरका होऊन बसतो. शोरूममध्ये रिकामा डबा छान पळतो. भरलेला पळवून दाखवा म्हणावं.

कुलूप दोन प्रकारचं लागतं. एक फाइलींसाठी, ते सगळेच मागतात. दुसरं वाटेत उभ्या असलेल्या माणसासाठी, ते मला सुचवावं लागतं. आत कोणी असताना पलीकडून कोणी हँडल फिरवलं तर? म्हणून वाटेत शिरण्याआधी पिन लावून डबा जागच्या जागी धरायची सोय हवीच, आणि अरुंद डब्याला उलटू नये म्हणून रुळाखाली अडकणारा आकडाही. यावर पैसे वाचवणाऱ्या गिऱ्हाइकाशी मी वाद घालत नाही, काम सोडतो.

पण कॉम्पॅक्टर कोणी घेऊच नये, तेही सांगतो. इतवारीतल्या कापडाच्या होलसेल दुकानात तो लावू नका. तिथे चार पोरं एकाच वेळी चार रॅकवर चढलेली असतात, गिऱ्हाईक ओरडतंय, शेठ ओरडतायत. एकाच वाटेवर चौघांची रांग लागली तर जागा वाचली आणि धंदा गेला. उलट सीएच्या ऑफिसात तो शोभतो. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं सांभाळावी लागतात. त्यातलं चालू वर्ष टेबलाजवळ असतं, बाकीच्यांकडे नोटीस आली तरच कोणी फिरकतं. दोन कारकून सतत आत जात असतील, तर डब्यांचे दोन गट करा आणि दोन वाटा ठेवा. बचत थोडी कमी होईल, भांडणं बरीच कमी होतील.

आणि आपला तो कूलर! मे महिन्यात बाहेर ४५ अंश, हवा कोरडीठण्ण, म्हणून रेकॉर्ड रूमच्या खिडकीलाही कूलर लावतात. दिवसभर ओली हवा आत येते, संध्याकाळी सगळे डबे एकमेकांना चिकटवून, कुलूप लावून लोक घरी जातात. ओल आत कोंडते. पावसाळ्यात बुरशी धरते, मग कसर. कूलर माणसांच्या खोलीत ठेवा. डब्यांच्या बाजूंना जाळीचा पत्रा घ्या, वरून पूर्ण झाकू नका आणि रात्री डबे सारख्या फटी ठेवून सोडा, हवा फिरू द्या. आग लागली तर पाणी आत पोचायलाही त्याच फटी कामाला येतात. रुळांच्या मधली जागा भरायला सुतार प्लाय सुचवेल. वाळवीला आमंत्रण द्यायचं असेल तर जरूर घाला.

घरच्यासाठी विचारणारेही बरेच असतात, बहुधा ज्यांची पुस्तकं दिवाणखान्यातून बेडरूममध्ये आणि तिथून जिन्यात पोचली आहेत ते. घरात कॉम्पॅक्टर नको. भिंतीला लागून पूर्ण रुंदीचं स्थिर कपाट करा आणि त्याच्या पुढे निम्म्या रुंदीचं एक सरकतं, खाली रूळ, वर नुसती वाट दाखवणारी पट्टी. दीड फुटात दीडपट पुस्तकं बसतात. जागा निवडताना खोलीचा मध्य टाळा, जिच्याखाली बीम आहे ती भिंत घ्या. मराठी पुस्तकांना ९ इंच खोली भरपूर झाली. सुतार सवयीने १२ करतो आणि पुढच्या ३ इंचांत बिलं, औषधं, रिमोट जमतात. दिवाळी अंक मात्र आकाराने मोठे, त्यांना मागच्या कपाटात तळाची एक फळी ११ इंचांची ठेवा. त्यांचं वजनही तिथेच बरं.