तुम्ही विचारलंत म्हणून: दिवाळं निघाल्यावर ड्रायव्हरकी मिळते का?

प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: "स्वतःची गाडी होती. हप्ते थकले, फायनान्सवाल्यांनी ट्रक ओढून नेला, सिबिल (कर्जफेडीचे गुण) पार खाली गेलं. आता दुसऱ्याच्या गाडीवर कोणी ठेवेल का? की आधी कोर्टात दिवाळखोरी जाहीर करून मोकळं व्हावं?"

गाडीवर ठेवतात. आणि ज्याच्यावर फक्त गाडीचं कर्ज आहे, त्याने दिवाळखोरीच्या अर्जाची घाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र कर्जाच्या मागून येणाऱ्या तीन-चार गोष्टी खरोखर आडव्या येतात, आणि लोकांचं नेमकं त्यांच्याकडेच दुर्लक्ष होतं.

आधी कायद्याचं. २०१६च्या नव्या दिवाळखोरी कायद्यातला वैयक्तिक कर्जदारांचा भाग १ डिसेंबर २०१९पासून लागू झाला, तो फक्त कंपनीच्या कर्जाला व्यक्तिशः जामीन राहिलेल्यांना. सोलापुरातल्या एकट्या गाडीमालकाला आजही १९२०चा प्रांतिक नादारी कायदा लागतो आणि अर्ज जिल्हा न्यायालयात जातो. नादार, म्हणजे दिवाळखोर ठरलात की तुमची मालमत्ता कोर्टाच्या किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते, आणि मोकळीक मिळेपर्यंत नव्याने जे कमवून उभं कराल त्यावरही त्यांचा हक्क लागू शकतो. नादार माणसाला दंडाधिकारी होता येत नाही, स्थानिक संस्थेवर निवडून जाता येत नाही. ट्रक चालवू नये, असं त्यात कुठेही नाही. मोटार वाहन कायद्यातही कर्ज थकलं म्हणून लायसन रद्द करण्याची तरतूद नाही.

मग भीती येते कुठून? सरकारी बँकांच्या भरतीत सिबिल पाहतात, ते ऐकून लोकांना वाटतं की सगळीकडे तसंच असेल. शिवाय मोबाईलवर दिसणारे पुष्कळ सल्ले अमेरिकेतले असतात. तिथे लेखी संमती घेऊन मालक क्रेडिट रिपोर्ट काढू शकतो आणि दिवाळखोरीची नोंद त्यावर १० वर्षांपर्यंत राहते. आपल्याकडे हा रिपोर्ट बँका, वित्तसंस्था अशा कायद्याने ठरवून दिलेल्या संस्थांनाच मिळतो. मार्केट यार्डातल्या ट्रान्सपोर्टवाल्याला तो परस्पर काढता येत नाही. "तुमचा तुम्ही आणून दाखवा" असं एखादी मोठी कंपनी म्हणू शकते, पण कांदा, साखर, सिमेंट, चादरी-टॉवेलच्या भाड्यावर गाड्या पळवणारा मालक लायसन, आधार, ओळखीचा एखादा माणूस आणि आधीच्या मालकाचा फोन नंबर एवढंच बघतो.

सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे चेक. कर्ज घेताना सही करून दिलेला चेक परत गेला की कलम १३८ची केस होते, आणि ती फौजदारी असते: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हप्ता खात्यातून आपोआप वळता होण्याची सोय असेल आणि तो बाउन्स झाला, तरी तशीच केस होऊ शकते. आणि २०१५च्या दुरुस्तीनंतर ही केस फायनान्स कंपनीचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात चालते. म्हणजे माणूस सोलापुरात, केस पुण्यात किंवा चेन्नईत. समन्स जुन्या पत्त्यावर जातं, तारखा चुकतात आणि वॉरंट निघतं. सोलापूरजवळच्या पाकणीच्या डेपोतून डिझेल-पेट्रोल भरणाऱ्या टँकरवर जायचं तर पोलीस व्हेरिफिकेशन लागतंच, आणि तिथे हे वॉरंट आडवं येतं. म्हणून नोकरी शोधायच्या आधी ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टातल्या केसेस दाखवणाऱ्या सरकारी वेबसाइटवर, स्वतःचं नाव टाकून शोधा. सोलापूर जिल्ह्यात तर शोधाच, फायनान्स कंपनीचं मुख्य ऑफिस ज्या शहरात आहे तिथेही शोधा. वॉरंट असेल तर वकील लावून ते रद्द करून घ्या आणि जामीन घ्या. ही केस तडजोडीने कधीही मिटवता येते, लोकअदालतीतही मिटते.

दुसरा अडथळा लायसनचा. मालक असताना गाडीवर ड्रायव्हर ठेवलेला असतो, स्वतःच्या लायसनची तारीख उलटलेली ध्यानातच येत नाही. ट्रान्सपोर्टचं लायसन पाच वर्षांचं, धोकादायक मालाचं तीन वर्षांचं. मुदत संपून एक वर्षाच्या आत नूतनीकरण झालं तर ठीक, नाहीतर पुन्हा चाचणी द्यावी लागते. डॉक्टरचा फॉर्म १-अ भरून आरटीओत आधी हे काम उरका. यात हयगय झाली तर सिबिल ९०० असूनही कोणी स्टिअरिंग हातात देणार नाही.

तिसरी गोष्ट ओढून नेलेल्या गाडीची. गाडी गेली, पण आरसीवर (नोंदणीपत्रावर) नाव तुमचंच राहिलं तर ई-चलन आणि थकलेला टॅक्स तुमच्याच नावावर चढत राहतो. ताबा घेतला त्या दिवसाचा कागद आणि गाडीतल्या सामानाची यादी मागून घ्या. फायनान्स कंपनीने फॉर्म ३६ भरून आरसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. ती झाली का, हे एमएच-१३च्या, म्हणजे सोलापूर आरटीओच्या ऑफिसात जाऊन तपासा आणि ताबा गेल्याचं लेखी पत्र देऊन पोच घ्या.

गाडीच्या लिलावानंतर उरलेल्या बाकीसाठी लवादाची (कोर्टाबाहेर निवाडा करणाऱ्याची) नोटीस येते. लोक ती न फोडताच ठेवून देतात, एकतर्फी निवाडा होतो आणि त्याची वसुली कोर्टाच्या डिक्रीसारखीच (हुकूमनाम्यासारखीच) होते. तेव्हा पगारावर जप्ती येऊ शकते, पण तिलाही मर्यादा आहे: पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. पगार २२,००० असेल तर १,००० बाजूला, राहिलेल्या २१,०००पैकी १४,००० सुरक्षित. म्हणजे १५,००० तुमचे, जास्तीत जास्त ७,००० कापले जातील. एकाच डिक्रीपोटी एकूण २४ महिने कापून झाले की त्या डिक्रीसाठी पगाराला पुन्हा हात लावता येत नाही. प्रॉव्हिडंट फंड तर जप्तीबाहेरच आहे. कर्ज ज्या बँकेचं थकलंय त्याच बँकेत पगाराचं खातं ठेवू नका, बँक परस्पर वळतं करून घेऊ शकते. दुसऱ्या बँकेत जनधन खातं निघतं, त्याला सिबिल लागत नाही.

मालकाला सांगायचं का? सांगायचं, आणि पहिल्याच भेटीत. "गाडी होती, हप्ते थकले, अमुक साली फायनान्सने नेली, चेकची केस मिटली" किंवा "चालू आहे, तारखा करतोय." एवढंच. मालकाची काळजी वेगळीच असते: कर्जात बुडालेला ड्रायव्हर डिझेल विकेल, ट्रिपचा रोख भत्ता घेऊन गाडी हैदराबाद रोडला सोडून जाईल, वसुलीवाले अड्ड्यावर येतील. त्यावर उपाय तुम्हीच पुढे करा. डिझेल कार्डावर, टोल फास्टॅगवर, भत्ता खात्यावर आणि ट्रिप संपली की त्याच दिवशी पावत्यांसकट हिशोब. यामुळे नाही म्हणणारा मालकही तयार होतो.

दोन गोष्टी मात्र अजिबात करू नका. एक, सही केलेला कोरा चेक "डिपॉझिट" म्हणून देणं. दुसरी, "तुझं कर्ज मी फेडतो, उचल घे" म्हणणाऱ्याकडे लायसन गहाण ठेवणं. उचल फिटेपर्यंत सोडणार नाही, असा व्यवहार १९७६च्या वेठबिगारी कायद्यात गुन्हा ठरू शकतो. पण रस्त्यावर अडकलेल्या माणसाला तो कायदा उशिरा आठवतो. लायसन डिजिलॉकरमध्ये घालून ठेवा. तपासणीला तेही चालतं, आणि मूळ कार्ड घरी राहतं.

वसुलीवाले नव्या मालकाकडे फोन करू लागले तर तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा. सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर वसुलीचे फोन करायला, आणि घरच्यांना, मित्रांना केव्हाही त्रास द्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. आधी फायनान्स कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. चौकशीचा फोन १४४४८.