रेडकाला हगवण, आणि माझेच हात

परतीच्या पावसात आमच्या चार पंढरपुरी म्हशी महिन्याभरात व्यायल्या. सांगोल्याकडं पाऊस कमी, पण पडला की गोठ्यात नुसता राडा. चार रेडकांतली दोन राहिली.

पहिलं तिसऱ्या दिवशी पांढरट पातळ हगायला लागलं. मी पहाटे उठले की आधी त्याच्याकडं. आजारी लेकरू आधी, हीच आमच्या घरची रीत. त्याची शेपटी पुसायची, मीठ-साखरेचं पाणी पाजायचं आणि तीच बाटली विसळून, त्याच चपलांनी कालच जन्मलेल्याकडं. दोन दिवसांनी तेही हगायला लागलं. डोळे खोल गेले, कान गार पडले. दोन्ही गेली.

डॉक्टर म्हणाले, "ताई, रोग तुम्हीच बादलीतनं पोचवताय." राग आला. पण खरं होतं. ई. कोलाय हा जंतू धडधाकट जनावराच्याही आतड्यात असतो. त्यातल्या काही जाती नवजात आतड्याला चिकटतात आणि अंगातलं पाणी ओढून बाहेर काढतात. रेडकू मरतं ते बहुतेक पाणी आटून. आणि आजाऱ्याच्या शेणात हे जंतू बेसुमार. हात, बाटली, ओलं पाचट, म्हशीची चिखलानं भरलेली सडं, सगळीकडनं तोंडात जातात.

दुसरी चूक आत्याबाईंची, म्हणजे सगळ्या गावाचीच. जार, म्हणजे वार, पडल्याशिवाय चीक, म्हणजे व्यायल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध, पाजायचा नाही! जार पडायला सहा तास लागले. रेडकू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढायची ताकद जवळजवळ नसतेच. ती चिकातनं मिळते. पहिल्या काही तासांतच आतडं ती नीट आत घेतं, 24 तासांत ते बंद होतं. 25 किलोच्या रेडकाला अडीच लिटर चीक लागतो. आमच्याकडं पहिल्या चिकाचा खरवस गल्लीभर वाटून झाला होता.

तिसऱ्यालाही लागलं होतं, पण ते वाचलं. आता निरोगी आधी, आजारी शेवटी. त्याची बादली लाल, वेगळी. नाळेला टिंक्चर आयोडीन.

परवा चौथी व्यायली. आत्याबाई जाराकडं बघत बसल्या होत्या, मी तोवर रेडकाला पाजून मोकळी झाले. बोलल्या काहीच नाहीत. शेजारची खरवसाचं विचारून गेली. उद्याच्या चिकाचा देते म्हटलं, जरा सैल होईल.