झडीच्या दिवसांत शेळ्यांचे खूर

माझं माहेर सिन्नर तालुक्यातलं, सासर इगतपुरीतलं. जिल्हा एकच, नाशिक. पण पावसाच्या बाबतीत दोन वेगळे मुलूख. तिकडे आभाळाकडे डोळे लावून बसायचं, आणि इकडे घोटीच्या पट्ट्यात आषाढात झड लागली की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. लग्नानंतर चौथ्या वर्षी माहेराहून सहा संगमनेरी शेळ्या आणल्या. वडिलांनी शेळ्यांचे खूर कापलेले मी कधी पाहिले नव्हते. गरजच नव्हती. खडकाळ माळावर रोज फिरणाऱ्या शेळीची नखी आपोआप झिजते.

इथे पहिल्याच पुनर्वसूच्या पावसात ढवळी पुढचे गुडघे टेकून चरायला लागली. आत्या म्हणाल्या, "खुरकूत आली गं, दुसऱ्यांपासून लांब बांध." ढवळीला त्यांनी लगेच लांब बांधायला लावलं, हे फार चांगलं झालं. मी पाय उचलून पाहिला, तर खुराच्या बेचक्यात कातडी पांढरट, फुगलेली, आणि वास असा की जेवण जाईना.

पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी आधी तोंड उघडून जीभ आणि हिरड्या पाहिल्या, मग ताप मोजला. तोंडात फोड नव्हते, लाळ नव्हती. "ताई, ही लाळ्या-खुरकूत नाही. खूर सडतंय." खुरकूत विषाणूची, हे जिवाणूंचं काम. सतत ओल्यात उभं राहून बेचक्यातली कातडी भिजून मऊ पडते, मग जिवाणू आत शिरतात आणि नखीखालून पोखरत जातात. हवा न लागणाऱ्या जागीच ते वाढतात. म्हणून वाढलेल्या नखीची कड आत दुमडली, तिथे चिखल आणि लेंड्या साचल्या, की त्यांना आयतं घर मिळतं.

तेव्हा मला उमगलं, नुसता पाऊस दोषी नव्हता. मऊ जमिनीवर नखी झिजत नाही, आणि झिजत नाही म्हणून ती कापावी लागते. माहेरी जे काम माळ करायचा, ते इथे माझ्या हातांनी करायचं होतं.

कात्री आणली मामांकडून. त्यांची निफाडला द्राक्षबाग आहे. छाटणीची कात्री नखीला चांगली चालते. डॉक्टरांनी एक शेळी करून दाखवली. दोन महिन्यांच्या करडाचं खूर समोर ठेवा, तळ सपाट, कड सरळ, आपल्याला तेवढंच करायचं आहे. आधी चिखल खरवडायचा, मग दुमडलेली कड, मग टोक. पातळ पातळ काप घ्यायचे. पांढऱ्यात गुलाबी झाक दिसली की हात थांबवायचा. दुसऱ्या दिवशी मी एकटीने कापायला बसले आणि काजळीच्या पायातून रक्त काढलं. तिचं ओरडणं अजून कानात आहे. कापूस दाबून धरला, रक्त थांबलं, पण तो दिवसभर मी कात्रीला हात लावला नाही. ओल्याने मऊ झालेली नखी भसकन कापली जाते, हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून मी सांगतेय.

नंतर पायधुणी. कृषी सेवा केंद्रात झिंक सल्फेट मिळतं. दहा लिटर पाण्यात एक किलो. मोरचूदही चालतं, पण ते लोखंडी घमेल्यात करू नये, घमेलं खातं. द्राक्षवाले म्हणूनच ते प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये भिजवतात. शिवाय शेळीच्या पोटात गेलं तर विष. म्हणून औषधात उभं करण्याआधी शेळ्यांना पोटभर पाणी पाजायचं. आधी साध्या पाण्याने पाय धुवायचे, नाहीतर चिखलाने औषध वाया जातं. मग खूर बुडेल इतक्या द्रावणात दहा मिनिटं, आणि लगेच बाहेर नाही, तासभर कोरड्या जागेवर. हे दर आठवड्याला. निरोगी शेळ्या आधी, लंगडणाऱ्या शेवटी. गाभण शेळीला खाली पाडायचं नाही, उभीचेच पाय एकेक करून धरायचे. ढवळीला डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि त्यांनी सांगितले तितके दिवस तिचं दूध आम्ही घेतलं नाही.

खरा फरक पडला गोठ्याने. यांनी मुरूम टाकून जमीन फूटभर उचलली, उताराने मूत बाहेर जाईल असं केलं. भाताच्या गिरणीतून तूस आणून पसरलं, रोज ओलं काढून नवं टाकलं. दाराशी चुना. एका कोपऱ्यात बांबूचं माचाण, फटी इतक्याच की लेंडी पडावी पण करडाचा पाय अडकू नये. हे जिवाणू जनावराच्या खुराबाहेर फार दिवस टिकत नाहीत, म्हणून ढवळी जिथे फिरली तो तुकडा दोन आठवडे रिकामा ठेवला.

बाकी पाचही श्रावणापर्यंत नीट चालू लागल्या. ढवळी बरी होते, पुन्हा पाऊस वाढला की पुन्हा लंगडते. घोटीच्या बाजारात गिऱ्हाईक आलं होतं. ते तिला त्यांच्या कळपात सोडणार होते, म्हणून मी दिली नाही. त्यांच्या घरी हाच त्रास कशाला पाठवायचा? ती आता वेगळी बांधलेली असते. नवीन शेळी आणली तरी पंधरा-वीस दिवस वेगळीच ठेवते, चारही खूर तपासून मगच आत घेते. आठवड्याच्या फेरीत ढवळीचा पाय सगळ्यांत शेवटी धरते, आणि काम झालं की काढलेले काप चुलीत, कात्री उकळत्या पाण्यात.